पुसण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या गटाकडे नगर जिल्ह्यातील अ‍ॅट्रॉसिटी प्रकरणांचे कागद आहेत : फिर्यादी, जबाब, निकालाच्या प्रती. ते आम्ही भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ठेवतो. हे सर्व्हर सांभाळणारे टूल आता एआय एजंटच्या हाती द्यायचे ठरले. एजंट म्हणजे नुसती उत्तरे देणारा चॅटबॉट नव्हे. तो स्वतः कमांड चालवतो, बॅकअप घेतो, सर्व्हर पुसूही शकतो.

टूलची माहितीपुस्तिका लिहायचे काम आमच्याकडे आले. आम्ही समाजशास्त्राचे; वाटले, हे इंजिनिअरचे काम. पण चाचणीत एजंटला 'जुने सर्व्हर काढ' म्हटले, तर पुसायच्या यादीत त्याने पहिला घेतला 'अहमदनगर'. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, म्हणून त्याच्या लेखी ते जुने! खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणाचे कागद त्यातच होते. 2014 च्या त्या खुनात साक्षीदार फितूर झाले, 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्ष फिरली, कागदही गेले तर उरते काय?

जुलै 2025 मध्ये रेप्लिटच्या एजंटने मनाई असतानाही चालू डेटाबेस पुसला. म्हणजे नुसती सूचना लिहून भागत नाही. म्हणून एजंटच्या टोकनला वाचण्याची आणि बॅकअपचीच परवानगी दिली, पुसण्याची दोन कार्यकर्त्यांकडे ठेवली, एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवली. मग हे सारे कारणांसह साध्या मराठीत लिहिले.

मित्रांनो, हे कारकुनी काम नाही. आपण लिहिले नाही, तर 'जुने' म्हणजे काय ते दुसरेच ठरवतील.

जय भीम!