पिशवीतली पन्हेरी

वरूड तालुक्यात, शेंदुरजनाघाटच्या बाजूला, संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका, हा घरोघरचा धंदा. माझं सासरही त्यातलंच. मी लग्न होऊन आले तेव्हा रोपं शेतातल्या वाफ्यात वाढायची, तिथंच त्यांच्यावर डोळा भरला जायचा आणि कलम तयार झालं की उपटून, गठ्ठे बांधून गिऱ्हाइकाला दिलं जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच वाफा, तीच माती. या मातीत फायटोफ्थोरा बुरशी एकदा शिरली की वर्षानुवर्षं मुक्काम करते आणि कलमाच्या मुळांबरोबर नव्या बागेतही जाते. मग ऐन फळावर आलेल्या झाडाच्या बुंध्यातून डिंक पाझरायला लागतो. मामाजी म्हणायचे, "सूनबाई, संत्र्याचं झाड वरून नाही, खालून मरते." म्हणूनच आम्ही हळूहळू सगळी पन्हेरी पिशवीत आणली.

पिशवीत माती आपल्या हाताची असते, हा सगळ्यात मोठा फायदा. आम्ही पोयटा माती, रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समान भाग घेतो. मे महिन्यात हे मिश्रण ओलं करून पसरतो, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरतो आणि कडा मातीनं दाबून चार ते सहा आठवडे तसंच ठेवतो. विदर्भाचं ऊन आतली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी बऱ्याच अंशी संपवतं. पिशव्या भरताना ट्रायकोडर्मा मिसळतो. पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता गिट्टीच्या थरावर ठेवतो. तळाच्या छिद्रांतून पाणी निघून गेलं पाहिजे आणि मुळं खालच्या मातीला लागता कामा नयेत.

खुंटासाठी जंबेरी आणि रंगपूर लिंबू दोन्ही वापरतो. मुळांच्या रोगापुढं जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबू जास्त तग धरतो. दोन्हींच्या एका बीतून बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त अंकुर येतात. त्यातली खुरटी, वेगळ्या पानांची रोपं लहानपणीच काढून टाकायची. जीव होत नाही, पण काढायचीच.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. झड लागली की फायटोफ्थोराचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. एका वर्षी झडीत आमच्याकडची एक रांग मलूल दिसायला लागली. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. कामावरच्या मावशी म्हणाल्या, खत कमी पडलं असंल. खत कमी पडल्यावर पान पिवळं होतं हे खरं, पण लोह कमी असेल तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इथं उलटं होतं. मी एक पिशवी फाडली, माती धुतली आणि एक बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, मागं नुसता दोरा राहिला. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं, त्याची साल अशी सुटत नाही. ती सगळी रांग आम्ही मातीसकट बाहेर काढून नष्ट केली. शेजारच्या रांगांमधलं अंतर वाढवलं आणि शेडवरून जिथं पाण्याची धार पडत होती तिथं पन्हळ लावली.

नव्या पालवीबरोबर पानांवर लक्ष ठेवावं लागतं. नागअळी पानावर चंदेरी नागमोडी रेघा ओढते. तिनं केलेल्या जखमांतून लिंबाच्या रोपांवर खैऱ्या रोग लवकर शिरतो. सायला ही कीड कोवळ्या शेंड्यावर शेपटाकडचा भाग वर उचलून बसते. ती ग्रीनिंग पसरवते आणि त्या रोगाला औषध नाही. म्हणून पालवी फुटली की रोज सकाळी शेंडे उलटून पाहायचे. पावसाळ्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा.

खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की डोळा भरतो, तोही मातीपासून निदान नऊ इंच वर. संत्र्याचं खोड बुरशीला लवकर बळी पडतं, त्यामुळं जोड मातीपासून जितका उंच तितका बरा. डोळकाडी निरोगी, भरघोस फळणाऱ्या मातृवृक्षाचीच घ्यायची, कारण विषाणू आणि ग्रीनिंग काडीतूनही पुढं जातात.

शेतकऱ्यांना आणि गच्चीवर कुंडीत लिंबू लावणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. कलम घेताना हिरव्यागार पानांवर भुलू नका. जोड किती उंचावर आहे ते पाहा, एखादी पिशवी उघडून मुळं दाखवायला सांगा. घरी नेल्यावर कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका. मूळ दाखवायला जो नर्सरीवाला नाही म्हणतो, त्याच्याकडून झाड घेऊ नका.