आईची भिशी आणि आठ कोअर

धाकट्याला गेम खेळता खेळता ट्विचवर लाइव्ह जायचंय. पैसे आईच्या भिशीचे, म्हणून सामानाची यादी माझ्याकडे तपासायला आली. निम्म्याहून जास्त पैसे आठ कोअरच्या प्रोसेसरवर, आणि ग्राफिक्स कार्ड? जीटी 1030!

लाइव्ह जाताना कॉम्प्युटर एकाच वेळी दोन कामं करतो. गेम चालवतो आणि त्याचा व्हिडिओ आकाराने लहान करून नेटवर पाठवतो. हे दुसरं काम प्रोसेसरवर टाकलं की त्याची दमछाक होते, गेम अडखळतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांत त्यासाठी वेगळा भागच असतो, एनव्हीईएनसी. ओबीएसमध्ये एक्स264 ऐवजी तो निवडायचा. मग रायझन 5 5600 सारखा सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो, आणि वाचलेले पैसे कार्डाला लावता येतात. जीटी 1030 मध्ये नेमका तोच भाग नाही.

"ताई, पण सगळे मोठाच प्रोसेसर सांगतात."

सगळे आईच्या भिशीतून घेत नाहीत रे!

शिवाय 1080पी, 60 फ्रेमसाठी सेकंदाला 6 मेगाबिट अपलोड हवा. आमच्याकडे संध्याकाळी जेमतेम 4 मिळतो. म्हणून सुरुवात 720पी, 30 फ्रेमवर करायची ठरलीय. यादी त्याने नव्याने लिहिली. रंगीत दिव्यांचे पंखे मात्र अजून त्यात आहेतच.