मायेपोटी

माझ्या हातून जी जनावरं गेली, त्यातलं एकही मी रागानं मारलेलं नाही. सगळी मायेपोटी गेली. म्हणून कुणी जाब विचारला नाही, आणि माझं मलाही ते उमगायला फार वेळ लागला.

मी पांढरकवड्याचा. सातबाऱ्यावर तालुका केळापूर, एसटीच्या पाटीवर पांढरकवडा. बाहेरच्या माणसाला सांगताना शेवटी नागपूर-हैदराबाद रस्त्याचाच आधार घ्यावा लागतो. वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या एका गावात आहे. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तक्ता मी स्वतः खिळे ठोकून लावला होता. हे सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्याला 'माहीत नव्हतं' ही सबब लागू पडत नाही.

पहिला गेला तो ससा. हरभऱ्याच्या वावरात धुऱ्याच्या गवतात एक पिल्लू दबून बसलं होतं. मुठीत मावेल एवढं. कान पाठीला चिकटलेले, डोळे सताड उघडे. मी वाकलो, हात लावला, तरी हललं नाही. आजूबाजूला माय नाही, भावंडं नाहीत, ऊन चढत चाललेलं. पिल्लू बेवारस आणि आजारी आहे, असा निकाल मी उभ्या उभ्या लावला. आमचे गायकी काका ढोरं घेऊन तिथूनच चालले होते. म्हणाले, "राहू द्या सर. माय येते त्याची सांजच्याले." मी हसलो आणि पिल्लू रुमालात गुंडाळलं.

काका बरोबर होते. आपल्याकडचा रानससा बिळात राहत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडूनच जन्माला येतात. माय त्यांना गवतात ठेवून मुद्दाम दूर राहते, म्हणजे तिच्या मागावर कोल्हा-कुत्रा पिल्लांपर्यंत पोचत नाही. अंधार पडला की येते, थोडा वेळ पाजते, निघून जाते. न हलणं हाच पिल्लाचा एकमेव बचाव असतो. मी त्यालाच दुखणं समजलो. घरी बुटाच्या खोक्यात कापूस घातला, ड्रॉपरनं गायीचं दूध पाजलं. सशाचं दूध गायीच्या दुधाहून कितीतरी दाट असतं. त्या पोटाला हे पातळ पाणी मानवलं नाही. पोट फुगलं आणि दोनेक दिवसांत पिल्लू गेलं. मुलीला सांगितलं, "त्याच्या आईजवळ सोडून आलो." ती लग्नाच्या वयाची झाल्यावर एकदा खरं सांगून टाकलं. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. खोका उकिरड्यावर होता."

यावर थांबलो असतो तर एक हळवा किस्सा म्हणून चाललं असतं. चांद्याचं तसं नाही.

चांद्या आणि मोऱ्या ही आमची जोडी. सालदार असला तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे शेकायचं काम मी कुणाला दिलं नाही. हळद-लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जुवाच्या जागी चांद्याचे केस झडलेले, कातडी टणक झालेली, आणि तिच्याखाली नेहमी थोडी गरमी. लोणी लागलं की तो मान खाली घालून लांब श्वास सोडायचा आणि माझ्या मनगटावरून जीभ फिरवायचा. ती कानशीसारखी लागायची, मनगट लाल व्हायचं. मी हात काढून घेत नसे.

२००९ च्या पावसाळ्यात त्याच्या मागच्या पायाचा सांधा सुजला. ऐन डवरणीचे दिवस. मधे चार दिवस झड लागलेली, वावरात गवत माजलेलं. पशुवैद्यकाची वाट पाहायला मला सवड नव्हती, खरं म्हणजे धीर नव्हता. इंजेक्शनं देणारा एक माणूस आसपासच्या गावांतून फिरायचा. त्यानं सांगितलं तसं मी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं. माणसांसाठीचं, ३० मिलिलिटरची मोठी बाटली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारनं २००६ मध्येच बंदी घातली होती आणि ती बातमी मी वाचलेली होती. पण ही बाटली माणसांची होती. म्हणजे बंदी मोडली असं होत नाही, असा वकिली हिशेब मी दुकानाच्या पायरीवरच करून टाकला.

सुई लागली आणि संध्याकाळी चांद्या चारी पाय टेकून उभा राहिला. ढेप खाल्ली. कोठ्यातच माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी वाफसा झाला, आणि मी त्याला डवऱ्याला जुंपला.

हे वाक्य लिहायला सर्वांत जड गेलं. सूज उतरली नव्हती, फक्त दुखणं बधिर झालं होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. डवरणी अडली होती, हेही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच माणसात नांदत होतं आणि एकाला दुसऱ्याची अडचण होत नव्हती. पुढच्या दिवसांत तो बसला तो उठेना. बसला की सुई, कण्हला की सुई. पोळा आठवड्यावर आला असताना तो गेला. मी दिवसभर जेवलो नाही. सालदारानं ट्रॅक्टरला बांधून त्याला गावाबाहेर नेलं, जिथं मेलेली ढोरं टाकायची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा होती. मी मागं गेलो नाही. बघवणार नाही म्हणालो.

त्या जागेवर लहानपणी मी तासन्‌तास घालवलेले आहेत. नाकाला दुपट्टा बांधून आम्ही पोरं बाभळीखाली बसायचो. आधी आभाळात काहीच नसायचं. मग खूप उंचावर एक ठिपका, तो घिरट्या घालायला लागायचा. थोड्या वेळानं दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळ्या दिशांनी. ही गिधाडं वासानं येतात असं आम्हाला वाटायचं. पण आपल्याकडच्या गिधाडांना वास नव्हे, नजर वाट दाखवते. पहिल्याला ढोर दिसतं, दुसऱ्याला पहिलं गिधाड खाली जाताना दिसतं, तिसऱ्याला दुसरं. असा निरोप कोसभर लांबून आभाळभर फिरतो. बैल सोलला गेलेला असला तर तासाभरात हाडं उरायची. त्यांच्या पोटातलं आम्ल एवढं जहाल की फाशीसारख्या रोगाचे जंतूही त्यात टिकत नाहीत. कुठलाही माणूस त्यांना ओवाळत नव्हता, त्यांच्यासाठी सण नव्हता. गावाचं आरोग्य मात्र त्यांच्या भरवशावर होतं.

ती कशानं संपली हे २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून जगापुढं आलं. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर पांढरी पूड साचलेली सापडली. मूत्रपिंडं निकामी होऊन युरिक आम्ल अंगभर पसरलं होतं. कारण निघालं डायक्लोफिनॅक. दुखणाईत जनावराला दिलेलं, आणि ते मेल्यावर मांसातून गिधाडाच्या पोटात गेलेलं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी. एवढी तूट तो भरून कुठून काढणार?

माझ्याकडं एक सबब होती आणि ती मी बरीच वर्षं जपली. एवढ्या मोठ्या देशात माझ्या एका बैलानं काय होतं? नंतर वाचनात आलं की गिधाडांचा असा ऱ्हास व्हायला शंभरातलं एक ढोरदेखील विषारी असावं लागत नाही. हजारात एक ते आठ पुरेशी होतात, कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास पक्षी बसतात आणि वर्षभर ते असेच एकावरून दुसऱ्यावर जेवत जातात. म्हणजे हा सगळा विनाश माझ्यासारख्या एकेकट्या बैलवाल्यांनीच केला आहे, तोही बैलाचं दुखणं बघवत नाही म्हणून. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांवर २०१५ मध्ये बंदी आली आणि ३ मिलिलिटरच्या वरची बाटली बंद झाली. माझ्यासारख्यांची पायरीवरची वकिली दिल्लीपर्यंत पोचली होती म्हणायची.

मोऱ्या एकटा राहिला. तो कायम उजवीकडं जुंपलेला. नवा बैल आणून जोडी लावली, तर हा नवख्याला डावीकडं जागा करून देण्याऐवजी जूं घेऊन डावीकडंच सरकायचा, चांद्या उभा राहायचा तिकडं. दोन हंगाम गेले त्याला सरळ चालायला. २०१५ पर्यंत तो कामातून गेला होता. मी त्याला विकणार होतो, बाजारात चौकशीही करून आलो होतो. त्याच वर्षी बैलांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. मोऱ्या कोठ्यातच राहिला, मरेपर्यंत बसून खाल्लं त्यानं. गावात माझं नाव झालं, सरांनी बैलाला बापासारखं सांभाळलं. एका सभेत शाल-श्रीफळही मिळालं. मी घेतलं. बाजारातली चौकशी कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

तो गेला तेव्हा जुन्या जागेवर टाकायचं ठरवलं होतं. या खेपेला औषध डॉक्टरांना विचारून मेलॉक्सिकॅमच दिलेलं होतं, ते गिधाडांना बाधत नाही. पण गावानं विरोध केला. गिधाडं नाहीत, नुसती कुत्री माजतात, लेकरांना चावतात, म्हणाले. खरंच होतं. जेसीबी बोलावून खड्डा केला.

वाघिणीबद्दलही लिहायला हवं, जरी त्यात माझ्या हातून कुणी मेलं नाही. २०१८ मध्ये आमच्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघीण, जिला बाहेरचे लोक अवनी म्हणत, गाजत होती. तिच्या नावावर १३ माणसं. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली. मी तिच्या बाजूनं होतो. फेसबुकवर काळा चौकोन लावला, लांबलचक मजकूर लिहिला, पुण्या-मुंबईच्या अनोळखी लोकांनी तो पुढं पाठवला. ज्या पद्धतीनं तिला मारलं ते मला आजही पटलेलं नाही. पण त्या दिवसांत गायकी काका ढोरं घेऊन रानात जायला टाळाटाळ करत होते, आणि मी त्यांना थोडं फणकाऱ्यानंच बोललो. ते म्हणाले, "वाघीण बी तुमची, ढोरं बी तुमची. मंग चाराले तुमीच काऊन नाई जात?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशीही मी गेलो नाही.

त्यातून शहाणपण आलं म्हणावं, तर तेही नाही. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक नर वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेलंगणाची हद्द ओलांडत, महाराष्ट्रात परतत, पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. सगळं मिळून ३,००० किलोमीटरच्या वर चाल. त्याचं नाव टी-१ सी-१. मी ताबडतोब लिहून मोकळा झालो की हा अवनीचाच लेक, आईच्या शोधात निघालेला. ढसाढसा प्रतिक्रिया आल्या. अवनीची पिल्लं ती गेली तेव्हा वर्षाचीही नव्हती. हा तर २०१६ चा जन्म, आणि त्याची आई टिपेश्वरातली दुसरीच टी-१. वाघ आपला मुलूख शोधत होता, वयात आलेले नर शोधतातच. रात्री कपाशी-तुरीच्या वावरांतून, माणसांच्या उशाशी, कुणाला पत्ता न लागू देता तो जात राहिला, याहून मोठं नवल काय हवं होतं? मला त्यात आई घालावीशी वाटली. माझ्या एका विद्यार्थ्यानंच चूक दाखवली. मजकूर काढला नाही, नुसतं खाली 'दुरुस्ती' लिहिलं. ते कोण वाचतं.

हल्ली कुणी घरट्यातून पडलेलं पिल्लू घेऊन आलं की मी त्याला परत पाठवतो. पंख फुटलेलं पिल्लू जमिनीवर असलं तरी माय-बाप त्याला भरवतात. मांजर हाकला, झुडपात ठेवा, लांब व्हा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकते, ही निव्वळ भाकड समजूत. शेजारच्या वहिनींना मी कोरडा वाटतो. "सर, इतके कठोर कसे हो?" मी ऐकून घेतो.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडं पेंच आणि ताडोबात आणली, पुढं सोडण्यासाठी. ती बातमी कापून मी वहीत चिकटवली. त्याच वर्षाच्या अखेरीला जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवर बंदी आली. त्याआधी २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर आली होती. निमेसुलाइड वाचून चमकलो. वावरावर गेलो, कोठ्यातल्या कोनाड्यात औषधांचा डबा असतो तो उघडला. अर्धी बाटली होती, गायीच्या तापावर मीच आणलेली. डायक्लोफिनॅक नाही ना, एवढंच तेव्हा पाहिलं होतं.

घरी आणली आणि नालीत ओतायला निघालो. बायको म्हणाली, "नाली कुठं जाते?" खुनी नदीत. बाटली सध्या कपाटावर आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं राहिलंय.