खरं बोलणारा सेन्सर

"मिस्त्री, गाडी झटके मारायला लागलीया. उभी असली की रेस नुसती वर-खाली, वर-खाली." कोल्हापुरात गॅरेज चालवणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. पाठोपाठ बहुतेकदा दुसरं येतं, "स्कॅनर लावला हुता. सेन्सर गेलाय म्हणाले." मग खिशातून चिठ्ठी निघते. तिच्यावर पी०१७१ लिहिलेलं असतं आणि सोबत नव्या ऑक्सिजन सेन्सरचं बिल असतं. झटके मात्र जिथल्या तिथं.

या सेन्सरची बाजू कुणीतरी मांडायला हवी, असं मला फार दिवसांपासून वाटतं. पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रण पातळ झालंय, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. हे सांगितलं कुणी? सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसून जळालेल्या वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या सेन्सरनंच. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं, आणि साक्ष दिली म्हणून साक्षीदारालाच शिक्षा झाली. सेन्सर कधी खराब होतच नाही असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा लागते. जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरला हे गणित येत नव्हतं. ते मिस्त्रीच्या कानात असायचं. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, इंजिन कसं बोलतं ते ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. त्यामुळे कुठं हवा खेचायला लागली, की इंजिन त्याच दिवशी तक्रार करायचं. आताच्या गाडीतला कॉम्प्युटर सहनशील आहे. मिश्रण पातळ झालं की तो गुपचूप पेट्रोल वाढवतो, पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के. चालवणाऱ्याला काही कळत नाही. त्याची भरपाईची हद्द संपते तेव्हा इंजिनचा दिवा लागतो आणि झटके सुरू होतात. म्हणजे आज आलेली तक्रार आजची नसते. दुखणं कित्येक महिने जुनं असतं.

या भरपाईला आम्ही ट्रिम म्हणतो, आणि कोडपेक्षा माझं लक्ष तिच्याकडे जास्त असतं. इंजिन तापू द्यायचं आणि न्यूट्रलला ट्रिम बघायची. मग रेस अडीच हजारावर धरायची आणि पुन्हा बघायची. न्यूट्रलला अधिक वीस आणि रेस दिल्यावर अधिक चारवर आली, तर हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय. कारण भोक तेवढंच राहतं. न्यूट्रलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, तेव्हा त्या भोकाचा वाटा मोठा ठरतो. रेस दिली की थ्रॉटलमधूनच भरपूर हवा येते आणि भोक नगण्य होतं. उलट न्यूट्रलला सगळं ठीक आणि रेसला, चढाला ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोल पुरत नाहीये. पंप थकलाय किंवा टाकीतला फिल्टर तुंबलाय. एवढ्या दोन आकड्यांवर निम्मं इंजिन संशयातून सुटतं. यात एकही पार्ट बदलावा लागत नाही, म्हणून मला ही तपासणी फार आवडते.

हवेच्या चोरवाटा ठरलेल्या आहेत. मॅनिफोल्डचं वाळलेलं पॅकिंग, ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा होज पाइप, इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या पीसीव्हीची कडक होऊन चिरलेली रबरी नळी. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि नळी कुरतडतात, तेही इथं नवीन नाही. इनटेकमध्ये धूर सोडला की चीर आपोआप दिसते. गरम इंजिनवर क्लीनरचे फवारे मारून फट शोधणारे आहेत, पण त्यात आगीचा धोका असतो. मी पोरांना ते करू देत नाही.

लहान गाड्यांत एक घोळ असतो. त्यांतल्या बऱ्याच गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ताडतात. फटीतून हवा आली की दाब वाढतो आणि कॉम्प्युटर इमानदारीनं तेवढं पेट्रोलही वाढवतो. मिश्रण ठीक राहतं, कोड येत नाही, फक्त रेस चढते. फट मोठी असेल तर खरा खेळ सुरू होतो. पाय पेडलवर नाही आणि इंजिन तर जोरात फिरतंय, यावरून कॉम्प्युटर समजतो की गाडी गिअरमध्ये उतारावर चाललीय. तो पेट्रोल बंद करतो. रेस कोसळते. इंजिन बंद पडायच्या आत तो पेट्रोल परत सोडतो आणि फटीतल्या हवेमुळे रेस पुन्हा चढते. ते वर-खाली, वर-खाली हेच. हे समजल्यापासून त्या आवाजाचा मला त्रास होत नाही. कॉम्प्युटरचा प्रत्येक निर्णय त्याच्या जागी बरोबर असतो.

हा दाबाचा सेन्सर खरा की खोटा ते तपासायला तर पैसाही लागत नाही. चावी लावायची, इंजिन चालू करायचं नाही. आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका यायला हवा. मालवणात तो शंभर किलोपास्कलच्या आसपास येईल, करूळ घाट चढून कोल्हापुरात आलं की पंचाण्णवच्या आसपास. इंजिन चालू करून न्यूट्रलला ठेवलं की तो तीस-चाळीसवर उतरतो.

झटक्यांचं दुसरं मोठं घराणं ठिणगीचं. गाडी सपाटीला ठीक, पण तिसऱ्या गिअरमध्ये चढावर रेस दाबली की अडखळते. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थकलेली कॉइल नेमकी तिथं हात टेकते. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जोरदार ठिणगी लागते. म्हणून "पेट्रोलवर चांगली चालते, गॅसवर झटके मारते" असं कुणी म्हणालं, की मी गॅसकिटला हात लावण्याआधी प्लग उघडतो. फट मोजतो, चिनीमातीवर बारीक काळी रेघ दिसते का ते पाहतो. ती रेघ म्हणजे ठिणगी आतून न पडता बाहेरून पळाल्याची खूण.

आणि इथंच तो ऑक्सिजन सेन्सर पुन्हा बळी जातो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथली हवा न जळता तशीच बाहेर येते. तिच्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरसमोरून जातो. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटर त्यातून अर्थ काढतो, मिश्रण पातळ आहे. तो आणखी पेट्रोल ओततो, आणि बाकीचे सिलिंडर काळा धूर काढायला लागतात. मिश्रण पातळ नव्हतंच. प्लग गेला होता. म्हणून पी०१७१ सोबत पी०३०० किंवा पी०३०२ असा मिसिंगचा, म्हणजे सिलिंडर न पेटल्याचा, कोड असेल, तर मी मिसिंगच्या मागे आधी लागतो.

थ्रॉटल बॉडीला काजळी धरली की रेस थरथरते, आणि ती साफ करणं सोपंही आहे. फक्त साफ केल्यावर काही गाड्यांत रेस उलट चढून बसते. काजळीच्या हिशेबानं कॉम्प्युटर झडप थोडी जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो, ते त्याला स्कॅनरवरून नव्यानं शिकवावं लागतं. तेवढ्यासाठी आख्खी थ्रॉटल बॉडी बदललेली मी पाहिली आहे. हळहळ वाटते.

अलीकडे प्रत्येक जण इथेनॉलचं नाव घेतो. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं आणि जुन्या गाडीत ट्रिम थोडी वर दिसायला लागली, हे खरं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेत मिश्रण पातळ ठरतं. पण निरोगी गाडी तेवढं सहज पचवते. आधीच पंधरा टक्क्यांवर टेकलेल्या गाडीला मात्र तेवढंच जास्त होतं. अशी गाडी आली तर मी पेट्रोलला बोल लावत नाही, फट शोधतो.

गाडी घेऊन येणाऱ्यांना एकच विनंती असते. कोड पुसून आणू नका, बॅटरीची वायर काढून आणू नका. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, लोड किती होता, ट्रिम कुठं होती, हे सगळं कॉम्प्युटरनं कोडसोबत टिपून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं, आणि दिवा पुन्हा लागेपर्यंत तुम्हाला गाडी तशीच फिरवावी लागते.