भाकरीचे गठुडे आणि कमांडोची पदवी

१.
आजचा धागा दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमापासून सुरू होतो आणि माझ्याच घरात येऊन थांबतो. प्रश्न एकच आहे. एखाद्या माणसाविषयी ‘हा सैनिक होता’ असे सांगितले जाते, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय करावे?

२.
परभणीत शाळेत असताना आम्ही रात्री हिंदीत ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ पाहत असू. बेअर ग्रिल्स किडे खाई, दरीत उतरे, ओल्या लाकडातून जाळ काढी. आमच्या गल्लीत त्याचे एकच वर्णन होते: ‘इंग्रजांचा कमांडो’. तो किती वर्षे सैन्यात होता, कोणत्या तुकडीत होता, कोणत्या युद्धात लढला, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. अंगावर वर्दी नसतानाही आम्हांला ती दिसत होती.

३.
पुढे मी नोंदी पाहिल्या. ग्रिल्स १९९४ ते १९९७ या काळात ब्रिटनच्या २१ एस.ए.एस. या तुकडीत होते. ही तुकडी राखीव दलाची, म्हणजे नागरी जीवन सांभाळून सेवा देणाऱ्या सैनिकांची. १९९६ मध्ये आफ्रिकेत पॅराशूटच्या अपघातात त्यांच्या पाठीचा कणा मोडला आणि सेवा आटोपली. १९९८ मध्ये, त्या दुखण्यातून उठून, त्यांनी एव्हरेस्ट सर केले. यातले काहीही खोटे नाही. राखीव तुकडीचा उल्लेख त्यांच्या २०११ च्या आत्मचरित्रातही आहे.

४.
पुढे त्यांना ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलात आणि रॉयल मरीन्समध्ये हुद्दे मिळाले. पण ते मानद. आपल्याकडचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये भारतीय वायुदलाने सचिन तेंडुलकर यांना मानद ग्रुप कॅप्टन केले. म्हणून त्यांनी लढाऊ विमान चालवले असे कोणी म्हणत नाही. मानद हुद्दा हा गौरव असतो, सेवेचा दाखला नसतो. इथे हा फरक आपल्याला सहज कळतो, कारण माणूस आपल्या ओळखीचा आहे. दूरच्या माणसाबाबत मात्र आपण तो विसरतो.

५.
२००७ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. निर्जन रानात एकटा असल्याचे भासवणाऱ्या त्या मालिकेच्या चित्रीकरणात काही रात्री निवासगृहात गेल्या होत्या. त्यानंतर कार्यक्रमात खुलाशाच्या पाट्या येऊ लागल्या. ‘ड्युएल सर्व्हायव्हल’ या अमेरिकी मालिकेत तर तज्ज्ञांच्या सैनिकी पूर्वेतिहासावरूनच वाद झाले. हे वाचले आणि मला शंका घेण्याचा छंद जडला. जो तो भेटेल त्याला मी पुरावा मागू लागलो.

६.
या छंदाला आपल्या मराठवाड्यात मोठी जागा आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. १९७२ पासून केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्यास आरंभ केला. भूमिगतांकडे कागद कोठून असणार? म्हणून ज्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता, अशा सैनिकांची शिफारस काही अटींवर ग्राह्य धरली गेली. सोय न्याय्य होती, पण तिच्यातूनच चोरवाट निघाली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील सुमारे साडेतीनशे जणांच्या दाव्यांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने केली. त्यांपैकी बहुतेक दावे टिकले नाहीत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ च्या निकालाचा आशय असा: खरा सैनिक आदरास पात्र आहे, पण उदार नियमांचा लाभ लढ्याशी संबंध नसलेल्याला मिळता कामा नये.

७.
आता माझ्या घराकडे येतो. आमचे मूळ गाव कळमनुरी तालुक्यातले. तो तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, १९९९ पासून हिंगोलीत आहे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरचा मुलूख. तिथे उमरखेडला सशस्त्र लढ्याचे केंद्र होते. माझे पणजोबा त्या कॅम्पात बंदूक घेऊन लढले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. दर १७ सप्टेंबरला घरात त्यांच्या तसबिरीला हार घातला जाई. सन्मानपत्र नव्हते, निवृत्तिवेतन नव्हते, कुठल्या यादीत नावही सापडले नाही.

८.
दोन वर्षांपूर्वी, हार घालून झाल्यावर, मी आजीला विचारले, “आजी, पणजोबा कॅम्पात होते याला पुरावा काय?” ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “रझाकाराच्या भ्यानं लोक रातचा दिवा लावीत नव्हते, अन् तू कागद मागतोस व्हय रे?” त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मी मात्र मनाशी हिशेब मांडत होतो: आजी या घरात सून म्हणून आली ती १९५६ मध्ये, म्हणजे तीही साक्षीदार नाही, ऐकीव सांगणारी आहे. हिशेब बरोबर होता. तरी रात्री झोप लागली नाही.

९.
कागद नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे, हे मला ठाऊक असायला हवे होते. अमेरिकेत सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. ज्यांच्या फायली गेल्या ते सैनिक खोटे ठरले नाहीत. आणि इथे तर फाइल उघडलीच नव्हती. स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे की, फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा त्यांच्याकडे मागू नये, शक्यता कुठे झुकते ते पाहावे.

१०.
म्हणून कागदाचा नाद सोडून मी माणूस शोधला. पणजोबांचे पुतणे, माझे चुलत आजोबा, गावातच राहतात. १९४८ मध्ये ते दहा वर्षांचे होते. मी बंदुकीचे विचारले तेव्हा ते हसले. “बंदूक? घरात एक विळा होता. काका भाकरीचं गठुडं घेऊन नदीकडं जायचा. पोरं पलीकडून यायची, तेवढ्यासाठी. आई दिवसाच दळून ठेवायची. रातच्याला जात्याचा आवाज झाला तर घरात इतकं दळण कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं.” मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारले. तपशील बदलला नाही आणि वाढलाही नाही.

११.
तेव्हा कळले की पणजोबांनी कधी खोटे सांगितले नव्हते. बंदूक आम्ही त्यांच्या हाती दिली होती, एकेका पिढीने थोडी थोडी. भाकरी पोहोचवणे आम्हांला कमी वाटले असावे. ग्रिल्सलाही ‘कमांडो’ आमच्या गल्लीनेच केले होते. तोतया स्वतः खोटे बोलतो, त्याची गोष्ट वेगळी. पण कित्येकदा माणूस खरे सांगत असतो आणि ऐकणारे त्याला बढती देत जातात.

१२.
त्या बढतीत नुकसान खऱ्याचेच होते. बंदुकीच्या कथेत माझी चुलत पणजी कुठेच नव्हती. दिवसा दळून ठेवणारी ती बाई भाकरीच्या कथेतच सापडली. गठुड्यासह पकडले गेले असते तर शिक्षा दोघांनाही झाली असती. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या बहिर्जी शिंदे यांच्यासारखे हुतात्मे ज्या भागात लढले, त्या भागात लढणाऱ्याला जेवू घालणारे किती होते, याची यादी कोणी केलेली नाही.

१३.
म्हणून शौर्याचा दावा समोर आला की मी आता चार प्रश्न विचारतो. सांगणारा नेमके काय म्हणाला आणि इतरांनी त्यात काय घातले? हे खरे असेल तर त्याचा माग कुठे उरला असता? तो माग नसेल, तर तो ठेवणारे तेव्हा कोणी होते का? आणि हा दावा मानल्याने कोणाला पैसा, पद किंवा प्रेक्षक मिळतो? दूरचित्रवाणीवरच्या तज्ज्ञाला चौथा प्रश्न आधी विचारावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो बहुधा विचारावाच लागत नाही.

१४.
गेल्या १७ सप्टेंबरला मी घरच्या वहीत लिहिले: ‘पणजोबा. १९४८ मध्ये उमरखेडकडील कार्यकर्त्यांना भाकरी पोहोचवीत. आधार: पुतण्याची तोंडी साक्ष, तेव्हा वय दहा. शस्त्र वापरल्याचा आधार नाही. भाकरी करणारी: त्यांची भावजय.’ आजीला ते वाचून दाखवले. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, “सासूबाईचं नाव लिही की. नुसतं भावजय काय?” मी नाव लिहिले.

१५.
आपल्या घरी असे कोणी असेल, तर या आठवड्यातच विचारा. पुरावा मागू नका. ‘काय काय आठवतं?’ एवढेच विचारा आणि ते सांगतील तेवढेच लिहा. धागा संपला.