तहाचे वाङ्मय

रहाटणीत राहून मराठी शिकवताना एक गोष्ट खटकत आली आहे. मुरारबाजींवर लिहा म्हटले की विद्यार्थ्यांच्या वह्या भरतात. पुरंदरच्या तहाशी लेखणी अडखळते. ‘माघार’ हा शब्दच नको असतो.

एप्रिल १६६५ मध्ये वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी पडले. पुरंदर मात्र अजून झुंजत होता. नेमक्या त्याच वेळी, हाती देण्याजोगे काही उरले असताना, जूनमध्ये शिवाजीमहाराज मिर्झाराजांच्या छावणीत गेले. तिथून गडावरची लढाई दिसत होती. माणसे वाचावीत म्हणून त्यांनी गड देऊ केला, असे मिर्झाराजांच्या पत्रांवरून दिसते. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले.

१७६१ मध्ये पानिपतावर भाऊंपुढे उपासमारीने रणाखेरीज वाटच ठेवली नव्हती. त्यावर आपण भरभरून लिहिले. (पराभव आपल्याला मानवतो की काय!) त्या मानाने तहावर थोडेच. मुरारबाजी ज्या गडासाठी पडले, तोच गड महिन्या-दोन महिन्यांत आपल्या हाताने देणे: हे मला रणातल्या मरणाहून अवघड वाटते. मार्च १६७० मध्ये पुरंदर परत आला, हे आपल्याला ठाऊक आहे. छावणीत शिरणाऱ्या महाराजांना ते ठाऊक नव्हते.