कामठ्याची पायपीट, सारसांच्या नावानं

जानेवारी उजाडला की मुंबईत अचानक सगळे धावपटू होतात. एरवी लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर धापा टाकणारा कलीग छातीवर नंबर लावून फिरायला लागतो आणि आपल्याला मेसेज येतो, ‘अमुक संस्थेसाठी धावतोय, काहीतरी दे ना!’ मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ‘कॉजसाठी धावणं’ हा फंडा आपल्याकडे रुजला. चालून पैसे उभे करण्याची कल्पना त्याहून जुनी. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून ‘ट्रेलवॉकर’ निघालं. चौघांची टीम, १०० किलोमीटर, ४८ तास आणि मित्रमंडळींकडून देणग्या, असा सगळा मामला. पुढे ते आपल्याकडेही आलं.

पण मंडळी, निसर्गासाठी पाय झिजवणं हे काही इम्पोर्टेड प्रकरण नाही. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली होती. एक तुकडी उत्तरेकडून नवापूरहून, दुसरी दक्षिणेत कन्याकुमारीहून. शंभर दिवसांनी दोन्ही तुकड्या गोव्यात फोंड्याजवळ भेटल्या. टी-शर्ट नाही, मेडल नाही, फिनिश लाइनवर केळी नाहीत. त्या चालण्यातून पैसे नाही उभे राहिले, पण पश्चिम घाट हा विषय उभा राहिला.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून एक चॅलेंज घेतलं. तीन दिवसांत ४५ किलोमीटर चालायचं. एकवीस दोस्तांनी किलोमीटरमागे वीस रुपये द्यायचे. म्हणजे पूर्ण चालले तर १८,९०० रुपये. सगळे पैसे जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांना सोडवणाऱ्या, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या टीमसाठी. आणि ठिकाण? कामठा, जिल्हा गोंदिया.

‘अच्छा, नागपूरजवळची कामठी ना?’ एकवीसपैकी पंधरा जणांनी हेच विचारलं. नाही हो! कामठी कॅण्टोन्मेण्टवाली. कामठा गोंदियाच्या ईशान्येला, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेलं गाव. एकेकाळी ही मोठी जमीनदारी होती. १८१८ मध्ये इथले जमीनदार चिमणाजी पटेल इंग्रजांविरुद्ध उठले आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेला कामठ्याच्या गढीवर चालून यावं लागलं. आज बाहेरची माणसं इथं येतात ती मुख्यतः लहरीबाबांच्या आश्रमात दर्शनाला. आणि माझ्यासारखी थोडी येडी माणसं एका पक्ष्यासाठी.

सहा फुटी शेजारी

पक्षी म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातला सर्वांत उंच. मान ताठ करून उभा राहिला तर आपल्या ऑफिसातल्या उंच पोराच्या डोळ्याला डोळा भिडवेल. राखाडी अंग, लालभडक डोकं-मान आणि बहुतेक वेळा बाजूला जोडीदार. महाराष्ट्रात सारस उरलाय तो प्रामुख्यानं गोंदिया जिल्ह्यात, आणि बोटांवर मोजण्याइतका भंडाऱ्यात. नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात त्याचे भाऊबंद आहेत. पक्ष्याला राज्याची सीमा कळत नाही, त्यामुळे सकाळी महाराष्ट्रात आणि संध्याकाळी मध्य प्रदेशात असा त्यांचा कारभार.

२००४ च्या सुमारास गोंदियात फक्त चार सारस नोंदले गेले होते. चार! मग सावन बहेकर आणि त्यांची ‘सेवा’ ही गोंदियातली संस्था, वनविभाग आणि गावोगावचे शेतकरी या कामाला लागले. घरटी शोधायची, शेतकऱ्याशी बोलायचं, अंडी फुटेपर्यंत पहारा ठेवायचा आणि दर उन्हाळ्यात सारस मोजायचे. आकडा चढत चढत २०२० मध्ये पंचेचाळीसच्या आसपास पोचला. पण मग पुन्हा घसरण. २०२२ मध्ये तो चौतीसवर आला आणि त्यानंतरही उतरताच राहिला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या अवस्थेची स्वतःहून दखल घेतली, ती काही उगाच नाही.

गणित सोपं आहे. तीस पक्षी असतील आणि एक जोडी मेली, तर जवळजवळ सात टक्के सारस एका झटक्यात गेले. त्यात सारस बहुधा दोनच अंडी घालतो आणि दोन्ही पिल्लं जगतीलच असं नाही. म्हणून इथं एकेक जखमी पक्षी वाचवण्याला किंमत आहे.

वर तार, खाली धान

पहिल्या दिवशी गोंदिया ते कामठा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे हाणून निघाले. शहर संपता संपता राइस मिल आणि त्यांच्या बाजूला तुसाचे ढीग लागतात. पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. जानेवारीत धान कापून झालेलं असतं, पण जमीन मोकळी नसते. कापणीच्या आधीच टाकलेली लाखोरी उगवून आलेली असते. तिची निळसर-जांभळी फुलं इतकी बारीक, की गाडीतून जाताना दिसलीच नसती.

चालताना दुसरीही एक गोष्ट दिसायला लागते, ती म्हणजे विजेच्या तारा. मोटरपंपांसाठी शेताशेतांतून गेलेल्या, मधेच झोळ पडून खाली आलेल्या. आपल्याला त्या दिसत असूनही दिसत नाहीत. सारसाला मात्र त्या जिवावर बेततात. हा जड पक्षी. उडताना थोडं पळतो, मग पंख उघडून कमी उंचीवरून निघतो. पंखांचा पसारा जवळपास आठ फूट. धुक्यात तार दिसली नाही तर धडकून पंख मोडतो, आणि दोन तारांना एकाच वेळी पंख लागले तर शॉक बसून जागीच संपतो. यावर उपाय आहेत. तारांवर चमकणाऱ्या चकत्या लावणं, तारांना आवरण घालणं, मोक्याच्या ठिकाणी केबल जमिनीखालून नेणं. यातला एकही उपाय रॉकेट सायन्स नाही. पैसे आणि पाठपुरावा मात्र लागतो.

दुसऱ्या दिवशी तळ्यांची फेरी. झिलमिली आणि परसवाडा ही इथली दोन नावाजलेली तळी. हिवाळ्यात पाहुण्या बदकांची जत्रा भरते. जवळच बिरसीचं विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी आज शिकाऊ वैमानिकांना उपयोगी पडते. त्यामुळे सीन असा, की खाली पाण्यात चक्रवाकांची जोडी आणि डोक्यावर घरघरणारं छोटं विमान.

तळ्याच्या काठानं देवधान वाढतं. हा आपोआप उगवणारा रानटी भात. सारसाला खायलाही कामाचा आणि लपायलाही. त्याच काठावर बेशरमही पसरते. नावाप्रमाणेच वागते, एकदा घुसली की हटत नाही आणि उथळ पाण्यातली जागा गिळत जाते. तळं नकाशावर तेवढंच राहतं, पक्ष्यांसाठी मात्र लहान होत जातं.

सारस दिसले का? दिसले. परसवाड्याच्या बाजूला, लांब बांधीत, दोन मोठे आणि मध्ये एक तपकिरी मानेचं पिल्लू. दुर्बिणीतून दहा मिनिटं बघितलं आणि तिथूनच मागे फिरले. जवळ जाऊन फोटो काढायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण आपण जवळ गेलो की तो खाणं सोडून उडतो, आणि उडतो तो तारांच्या दिशेनंच.

‘बांधीला काय येते?’

परतीच्या वाटेवर धुऱ्यावर बसलेल्या एका काकांशी गप्पा झाल्या. काही वर्षांपूर्वी त्यांच्याच बांधीत सारसानं घरटं केलं होतं. भर पावसाळ्यात, उभ्या धानात. सारस काडीकचरा आणि गवत गोळा करून पाण्यात चांगला मोठा चबुतरा रचतो. त्या जागेवरचं धान गेलंच. वर महिनाभर तिकडे निंदण नाही, खत नाही आणि फवारणीही नाही.

‘मॅडम, पाखरू आपलंच आहे, वावर बी आपलंच आहे,’ काका म्हणाले. ‘पण दोघं एकाच बांधीत आले का मंग पंचाईत होते.’

मी चॅलेंजबद्दल सांगितलं. किलोमीटरला वीस रुपये वगैरे. काकांना हसू आवरेना. ‘तुमचे दोस्त पायी चालाचे पैसे देतेत? आमी तर रोज फुकट चालतो!’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘बरं, त्यातून बांधीला काय येते?’

प्रश्न अगदी वर्मी होता. जखमी पक्ष्याचा फोटो बघून आपला हात खिशाकडे जातो. पण जो पक्षी जखमी होतच नाही, त्याच्यामागे बहुतेक वेळा असा एखादा शेतकरी असतो. त्यानं धानाचा तुकडा सोडलेला असतो, कुत्री हाकललेली असतात, विषारी फवारा टाळलेला असतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पक्षी तारेवर आपटला की चांगुलपणा पुरत नाही, गाडी लागते. वन्यजीवांसाठी मोठी उपचार केंद्रं नागपूरला आहेत, सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेण्ट सेंटर आणि गोरेवाडा. गोंदियाहून तिथवर जायचं म्हणजे साधारण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वातीनशे धरा. गाडीनं लिटरला पंधराचं ॲव्हरेज दिलं तर एकवीस-बावीस लिटर डिझेल, म्हणजे आजच्या भावानं दोन हजारांच्या आसपास. माझे १८,९०० म्हणजे अशा नऊ फेऱ्यांचं इंधन. औषधं आणि डॉक्टरांचा वेळ वेगळाच. रक्कम छोटी आहे, पण रात्री अकराला फोन आल्यावर ‘डिझेलचं बघू’ म्हणायची वेळ नऊदा तरी टळेल.

तिसऱ्या दिवशी बाघ नदीच्या दिशेनं चालत गेले. पायाला फोड आले होते, मोबाइलवरचं ॲप ४२ दाखवत होतं. उरलेले तीन किलोमीटर कामठ्याच्या गल्ल्यांमध्येच फिरून पूर्ण केले. गावातल्या पोरांनी ‘काय हरवलं?’ म्हणून विचारलं.

रात्री एकवीस जणांच्या ग्रुपवर काकांचा प्रश्न जसाच्या तसा टाकला. अर्ध्या तासात चर्चा पेटली. एक म्हणाली, ठरलं तसं सगळं रेस्क्यूलाच जाऊ दे. दुसरा म्हणाला, घरटं राखणाऱ्यांनाही काही मिळायला हवं. शेवटी १८,९०० ठरल्याप्रमाणे रेस्क्यू टीमला गेले आणि नऊ जणांनी वेगळे पैसे काढले, पुढच्या पावसाळ्यात बांधीत घरटं राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी. रक्कम फार नाही. पण तो पैसा पक्षी जखमी व्हायच्या आधी पोचणार आहे.

तुम्हीही असं चॅलेंज घेणार असाल तर देणगी देण्याआधी संस्थेला तीन प्रश्न जरूर विचारा. गाडी आहे का? पशुवैद्यक कोण आहे? आणि गावात तुम्हाला फोन करणारं कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर पटकन आलं, तर समजा काम खरं आहे.

जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर...

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि नेमकं ठिकाण सांगा. स्वतः पकडायला जाऊ नका, सारसाची चोच डोळा फोडू शकते. चोचीत पाणी ओतू नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. मदत येईपर्यंत शांतता, हेच पहिलं औषध.

कसे जाल?

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला पोचवतात. गोंदियाहून कामठ्याला रस्त्यानं अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी बेस्ट सीझन. जुलै ते ऑक्टोबर सारसांच्या घरट्यांचा काळ, तेव्हा बांध्यांमध्ये शिरू नका. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली आणि जुने, सवयीचे बूट सोबत ठेवा. नवे बूट घालाल तर माझ्या फोडांची आठवण येईल!